न निघालेले प्रवासी

तासगाव सोडून पुढं निघालं की मळे संपतात आणि उघडा माळ सुरू होतो. त्या माळावर भर दुपारी एक गृहस्थ वळकटीवर बसून आगगाडीची वाट पाहत आहेत. अंगात काळा कोट, डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर पितळेचा तांब्या. सगळ्यांत जवळचा रूळ तिथून दहा-बारा मैल लांब. मी त्यांच्या शेजारी नकाशाच्या गुंडाळीची सावली डोक्यावर धरून उभा आहे. तास होऊन गेला आहे.

"साहेब, निघायचं का?" मी विचारतो.

"गाडी लेट आहे," ते म्हणतात आणि तांब्यातलं घोटभर पाणी पितात.

त्यांच्या हाताखालचा माझा तो पहिला दिवस होता. संध्याकाळी सांगलीला परतल्यावर नोकरी सोडावी का, याचा मी खरोखर विचार केला.

दुसरं महायुद्ध अजून संपायचं होतं, पण संपल्यावर कुठं कुठं नवे रूळ टाकायचे याचे आराखडे आत्ताच करून ठेवा, असा वरून हुकूम सुटला होता. आमच्या वाट्याला आलं होतं ते असं: पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या मोठ्या लाईनवरच्या एका स्टेशनापासून तासगावपर्यंत फाटा काढायचा आणि जमलं तर तोच फाटा पुढं विट्याच्या बाजूला, उत्तरेच्या कोरड्या मुलखात न्यायचा. तासगावपर्यंतचं जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. प्रश्न होता तो पुढच्या विस्ताराचा. त्यासाठी सांगलीत दोन खोल्यांचं एक सर्वे ऑफिस उघडलं. साहेब त्याचे मुख्य. मी मूळचा साताऱ्याचा, नुकताच मॅट्रिक होऊन चित्रकलेच्या परीक्षा दिलेला, ट्रेसर म्हणून लागलो. ट्रेसर म्हणजे साहेबांच्या पेन्सिलीच्या रेघा शाईनं कापडी कागदावर उतरवणारा. तिसरा दादू खलाशी. तो साखळी ओढायचा, खुंट्या ठोकायचा, झेंड्या रोवायचा आणि साहेबांच्या पाठीमागं माझ्याकडं बघून डोळे मिचकावायचा.

साहेबांचं वय पन्नाशीच्या पुढं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "अहो ट्रेसर" एवढंच. गावोगावची माणसं त्यांना 'झेंडीवाले' म्हणत.

गाडीची वाट पाहण्याचं कोडं मला चार दिवसांनी उलगडलं. जिथं स्टेशन करायचं मनात असे तिथं ते आधी उतारू होऊन बसत. सकाळी एकदा, दुपारी एकदा. वारा कुठून येतो, धूळ कुणाच्या तोंडावर जाते, तान्हं मूल घेतलेली बाई कुठल्या सावलीला उभी राहील, पाणी प्यायला किती पावलं जावं लागेल, हे सगळं बसून बघत. "दुर्बिणीतून जमीन कळते. वाट बघणं बसूनच कळतं," असं ते म्हणत. एका गावी असं दोन दिवस बसून त्यांनी ठरलेली जागा दोन फर्लांग मागं घेतली. मला सगळा नकाशा पुन्हा काढावा लागला.

"पण साहेब, आधीच्या जागेत वाईट काय होतं?"

"तिथं उतरलेल्या माणसाला गाव दिसत नव्हतं. टेकडी आड येत होती. इतक्या लांबून आलेल्या माणसाला उतरल्या उतरल्या आपलं गाव दिसू नये?"

हे कारण मी टिपणात कसं लिहू, असं मी विचारलं. "'पाण्याचा निचरा' असं लिहा. त्याला कुणी हरकत घेत नाही."

चालण्याच्या बाबतीत त्यांचे कायदे कडक होते. जो भाग पायांनी चालून झाला नाही तो नकाशात घ्यायचा नाही. आणि चालायचा तो दोन्ही बाजूंनी. मला वाटे, तेच रान, तीच बाभळ, तोच ओढा, परत काय बघायचं! पण ते जाताना एका बाजूची आणि येताना दुसऱ्या बाजूची वही भरत. चढ किती आहे हे त्यांना पोटऱ्यांवरून कळे. डोळे मिटून वीस-पंचवीस पावलं टाकायची आणि सांगायचं, "दीडशेला एक." मग दादू लेव्हलची दुर्बीण लावी, मी आकडेमोड करी आणि उत्तर बहुतेक तेच येई. एकदाच चुकले. त्यांनी पायातल्या वहाणांकडं रागानं पाहिलं. नव्या होत्या. त्या तिथंच काढून दादूला देऊन टाकल्या आणि उरलेला दिवस त्या तापलेल्या मुरमातून अनवाणी चालले. संध्याकाळी दादू मला म्हणाला, "आसं आनखी चार येळा चुकायला पायजेल. धाकल्या भावालाबी वहाना न्हाईत."

आणखी एक होतं. ज्याच्या रानातून झेंडी गेली त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. गूळ-शेंगांचा तर प्रश्नच नाही. माणसं लय आग्रह करत. आवं सायेब, निदान घोटभर ताक तरी, म्हणून मागं लागत. हे हात जोडत. "उद्या मला तुझं रान सोडून रेघ वाकवावीशी वाटली तर?" आमचं पाणी आम्ही तासगावहून पखालीत घेऊन निघत असू, आणि ते संपलं की तसेच कोरडे फिरत असू.

मोजमापाचं काम सरत आलं तसा दुसरा भाग सुरू झाला. नवी लाईन टाकायची तर तिच्यावर माणसं बसणार किती, हे वर कळवावं लागे. त्यासाठी छापील तक्ते आले होते. रस्त्याच्या कडेला बसायचं आणि किती माणसं गेली, किती गाड्या गेल्या, डोक्यावर ओझं होतं की नव्हतं, ते भरायचं. आम्ही एका चिंचेखाली तीन दिवस बसलो. पेट्रोल लढाईवर गेलेलं, त्यामुळं कोळशाच्या धुरावर चालणारी सर्व्हिस मोटार आठवड्यात एखादी फेरी करी आणि तीही चढावर उतारूंना खाली उतरवी. बाकी सगळा पायांचा आणि बैलांचा कारभार. तरी रस्ता बहुतेक वेळ मोकळाच. माझा तक्ता काही केल्या भरेना.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी शेण्यांची पाटी डोक्यावर घेऊन आली. मी तक्त्यात एक रेघ मारली. साहेब उठून तिच्यासमोर गेले.

"बाई, कुठं निघालात?"

"कुठं जातीया? घरला."

"गाडी असती तर कुठं गेला असता?"

"कसली गाडी?"

"आगगाडी. इथनं, ह्या चिंचेपासनं."

म्हातारीनं पाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. चिंचेच्या सावलीत येऊन टेकली.

"लेकीकडं गेले आसते," ती म्हणाली.

"कुठं दिलीय लेक?"

"कऱ्हाडाच्या अंगाला."

"शेवटची भेट कधी झाली?"

"तिच्या थोरल्याच्या बारशाला. आता तेला मिसरूड फुटलं आसंल, बाबा."

सोनाबाई तिचं नाव. ती पाटी उचलून गेली. साहेब माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "लिहा. एक उतारू. इथून कऱ्हाड. न निघालेला."

"न निघालेला म्हणजे? ह्या तक्त्यात तसा रकाना नाही, साहेब."

"मग वेगळी वही करा." थोड्या वेळानं ते आपल्याशीच बोलल्यासारखं बोलले, "अहो, रस्त्यावर जी दिसतात ती माणसं गाडी नसली तरी जाणारच आहेत. गाडी नाही म्हणून घरी बसलेली मोजायची कुणी?"

आणि मग आम्ही ती मोजायला लागलो. चिंच सोडून गावांत शिरलो. घरोघर जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि एकच विचारायचं, गाडी असती तर कुठं गेला असता? सुरुवातीला माणसं हसत. दोघा-तिघांनी आम्हाला सरकारचे हेर समजून दार लावून घेतलं. ते दिवसच तसे होते, भूमिगतांच्या शोधात कोण कुठल्या वेषात येईल याचा नेम नव्हता. पण एकदा का माणूस उत्तर द्यायला लागला की थांबत नसे. बिरू नावाचा एक मेंढपाळ म्हणाला, "गाडीत मेंढरं घेत्यात का? मग मी कुटं बी येतो." एकाला मिरजेच्या दवाखान्यात डोळा दाखवायचा होता, त्यानं वाट बघता बघता दोन्ही घालवले होते. एकाला फक्त समुद्र बघायचा होता. साहेबांनी मला तेही लिहायला लावलं. दोन जाड वह्या भरल्या. त्यांतलं अक्षर माझं होतं, पण त्या लिहिताना माझा जीव त्यात नव्हता, हे सांगितलंच पाहिजे.

त्याच सुमारास वरच्या ऑफिसातून एक मुख्य ड्राफ्ट्समन आमचं काम तपासायला आला. मोठा टापटिपीचा माणूस. साहेब बाहेर गेले होते. त्यानं टेबलावरची वही उघडली, दोन पानं वाचली आणि हसायला लागला. "हे काय? न निघालेले प्रवासी? आता भुतांनाही तिकिटं देणार का तुमचे साहेब?" तो हसला. आणि मीही हसलो. दादू दारात होता. तो हसला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी साहेबांना हिवताप आला. अंथरुणाला खिळले. अहवाल पाठवायची मुदत जवळ आलेली. त्यांनी पडल्या पडल्या मला मजकूर सांगितला, सह्या केल्या आणि म्हणाले, "पक्की प्रत करा. शेवटी परिशिष्ट जोडा. वह्यांतली एक एक नोंद उतरवा. कुणी गाळू नका."

मी अहवालाची प्रत केली. सुंदर केली. नकाशे रंगवले. परिशिष्टाला हात घातला आणि पहिल्याच पानावर सोनाबाई आली. मला त्या ड्राफ्ट्समनचं हसणं ऐकू आलं. हे कागद त्याच्याच टेबलावर जाणार. सगळं ऑफिस वाचणार. समुद्र बघायचा होता म्हणे एकाला! साहेबांची शोभा होईल, असं मी मनाशी म्हटलं. त्यांना वाचवण्यासाठीच आपण हे करतोय, असंही म्हटलं. वह्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि परिशिष्टाशिवाय लखोटा बंद केला.

उत्तर यायला दीड-दोन महिने लागले. साहेब तोवर उठून बसले होते, पण कोट अंगावर लोंबत होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढं सरकवलं. तासगावपुढच्या भागात वाहतुकीची काही अपेक्षा असल्याचे अहवालावरून दिसून येत नाही, सबब विस्ताराचा विचार रहित करण्यात येत आहे, असं त्यात होतं.

"अहो ट्रेसर, परिशिष्ट वाचलं नाही का त्यांनी?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"विसरला का जोडायला?"

त्यांनी माझ्यासाठी एक दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तर चाललं असतं. माझ्या जिभेवर तो हो आलाही होता. का कोण जाणे, दुसरंच बाहेर पडलं. "नाही साहेब. मुद्दाम जोडलं नाही."

"का?"

"लोक हसले असते."

"कुणाला?"

मी पेटीची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटीतून वह्या काढून घेतल्या आणि पाच दिवस बसून स्वतःच्या हातानं सगळं परिशिष्ट लिहून वर पाठवलं. मी उतरवून देऊ का, असं विचारलं तर नुसती मान हलवली. पंधरा दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालेले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालून, तांब्या घेऊन ऑफिसच्या दारात उभे. "चला."

"कुठं, साहेब? काम तर थांबलंय."

"आपण घरोघर जाऊन विचारून आलो की नाही, गाडी असती तर काय कराल म्हणून? मग ती येणार नाही हे सांगायला कोण जाणार? त्यांनी वाट बघत बसायचं?"

"एवढ्या सगळ्यांना?"

"वही आहे ना? क्रमानं घेऊ." आणि मग म्हणाले, "सांगायचं तुम्ही. मी पाणी पिणार. आता कुणाच्या रानात आपली झेंडी नाही."

त्यांनी रजा टाकली होती. माझीही त्यांनीच टाकली होती. दादूला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला.

पहिल्या घरी मी म्हणालो, "सरकारनं काम रहित केलं." घरधनी बरं म्हणाला. साहेबांनी लोटाभर पाणी पिऊन लोटा परत दिला. बाहेर आल्यावर त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सरकारनं?" पुढच्या घरी मी म्हणालो, "गाडी येणार नाही." तेही त्यांना पुरेसं वाटलं नसावं. दोन दिवस मी ते एकच वाक्य घरोघर म्हणत फिरलो. तिसऱ्या दिवशी एका रानात एक शेतकरी आमच्यावर धावून आला. झेंडी लागलेली पट्टी त्यानं पेरलीच नव्हती. "आता येतील, रूळ टाकतील म्हनून मोकळी सोडली, गड्या! हंगाम गेला माझा. कुनी सांगितलं न्हाई येनार म्हनून?"

साहेब पुढं झाले नाहीत. मी त्या माणसाकडं पाहिलं आणि म्हणालो, "तुम्ही जे सांगितलं होतं ते मी लिहून घेतलं, पण वर पाठवलं नाही. माझ्यामुळं राहिलं."

तो माणूस दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, "व्हय? मग ये हिकडं." मला वाटलं मारतोय. त्यानं माझ्या हातात कुदळ दिली. त्या पट्टीतल्या आमच्या खुंट्या मी, दादू आणि त्यानं मिळून दुपारपर्यंत उपटल्या. साहेब बांधावर बसून पाणी पीत होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी ते पूर्ण वाक्य सांगू लागलो. दर वेळी तितकंच जड जाई.

सगळेच काही चिडले नाहीत. बिरू मेंढपाळ पोट धरून हसला. "आमी कुठं तिकीट काढलं हुतं?" समुद्र बघायचा होता तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुमी बघितलाय का? मग सांगा कसा आसतोय." साहेब त्याच्या ओट्यावर तासभर बसले आणि त्याला समुद्र सांगितला.

सोनाबाईच्या घरी सून भाकऱ्या थापत होती. सासूबाई कुठं आहेत, असं विचारल्यावर तिनं आम्हाला ओळखलं.

"तुमीच का ते इचारून गेल्याले? आवं, म्हातारीला तवापासनं चैन पडंना. उठता बसता लेकीचं नाव. म्हनाली, गाडी येईल तवा येईल, पाय हाईत की. गेली एक दिस गठुडं घिऊन."

"एकटी? चालत?" साहेब उभेच राहिले. "पोचली का?"

"पोचली की! तितंच हाय अजून. यायचं नाव न्हाई."

साहेब उंबऱ्यावर बसले. दोन लोटे पाणी प्यायले. मग कोटाच्या खिशातून पेन्सिल काढून वहीतली नोंद खोडली आणि वर लिहिलं, 'निघाली'. त्या सगळ्या फेरीत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्यानंतर वर्षाच्या आत आमचं ऑफिस बंद झालं. त्यांची बदली लांब दक्षिणेला झाली आणि मला पुण्याला जागा मिळाली. मी त्यांना दोन पत्रं लिहिली, त्यांची दोन कार्डं आली. दोन्हींत तिकडच्या चढउतारांची माहिती होती, बाकी काही नाही. मग पत्रं थांबली. तासगावपर्यंतचा फाटासुद्धा पुढं कागदावरच राहिला. मी स्वतः ह्याच कामात तीसेक वर्षं काढली. माझ्या प्रत्येक अहवालाला मी न निघालेल्यांचं परिशिष्ट जोडत गेलो. बहुतेक वेळा ते वर गाळलं जाई. लोक हसतही. त्यांना हसू दे, असं म्हणण्याइतका मी कोडगा झालो नाही. दर वेळी लागायचं.

पण मला सांगायचाय तो त्या फेरीचा शेवटचा दिवस. विट्याच्या अलीकडच्या एका गावात साहेबांना पुन्हा हुडहुडी भरली. दादूनं कुणाची तरी बैलगाडी लिंबाखाली आणून सोडली, तिच्यात कडबा पसरला आणि साहेबांना दोन घोंगड्यांखाली निजवलं. वहीत तीन घरं उरली होती.

"तुम्ही जा," ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "मी इथं आहे."

मी एकटा गेलो. दोन घरं झाली. तिसरं शेवंताचं. तिची नोंद माझ्याच अक्षरात होती: 'नवरा पल्टणीत. दहा दिवसांची रजा. येण्याजाण्यात चार जातात.' मागच्या खेपेला तिनं हे हसत हसत सांगितलं होतं. उरलेल्या सहांतले तीन त्याची आई घेती, दोन भावकी घेती, मग मला काय ऱ्हायलं, म्हणाली होती.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी माझं वाक्य पूर्ण सांगितलं. तिचा हात थांबला.

"येनार न्हाई म्हंजे? आवं, मी तेस्नी कळवलंया!"

"काय कळवलंय?"

"हितं गाडी व्हनार हाय म्हनून. शाळंच्या मास्तरांकडनं लिवून घेतलं. तेंचं उलट पत्तर आलं, पुढच्या म्हैन्यात रजा हाय, गाडीनं येतो, दोन दिस ज्यादा घरात ऱ्हाईन." तिनं पदर तोंडाला लावला. "ते तासगावात येऊन गाडी हुडकत बसत्याल की वो!"

मला बसावंसं वाटलं. मी बसलो, तिच्यासमोर, मातीत. कितीतरी घरी सांगून झालं होतं, पण गाळलेल्या एका पानानं कुणा माणसाला अनोळखी गावात उभं केलेलं मला तोवर दिसलं नव्हतं.

"पत्ता आहे?" मी विचारलं.

तिनं आतून जुना लखोटा आणला. माझ्याकडं एक कोरं कार्ड होतं. मी लिहायला लागलो. गाडी होणार नाही. चूक तुमच्या घरच्यांची नाही, ज्यानं हे कार्ड लिहिलं त्याची आहे. तासगावाहून चालतच यावं लागेल.

"रस्त्यानं येऊ नका म्हनून लिवा," ती म्हणाली.

"मग?"

"तुमच्या खुंट्यांच्या वाटंनं या म्हनावं. आता समदी तिकडनंच येत्यात. चढ लागत न्हाई, बैलबी दमत न्हाईत. एक येळ वाचती."

मी कार्डावरून मान वर केली. "खुंट्या तर काही ठिकाणी उपटल्या आम्ही."

"आसू दे की. वाट पडलीया आता."

साहेबांनी ज्या माळावरून पोटऱ्यांनी चढ मोजत ती रेघ काढली होती ती मला कागदावर पाठ होती. मी कार्डाच्या उरलेल्या जागेत बारीक अक्षरात सगळी वाट लिहिली, कुठली चिंच, कुठला ओढा, कुठं टेकडी उजवीकडं ठेवायची ते. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उन्हाचं निघू नगा, आसं लिवा." जागा नव्हती, ते मी पत्त्याच्या बाजूला लिहिलं.

लिंबाखाली आलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते.

"कार्ड कुठंय?"

"खिशात. उद्या सांगलीला गेल्यावर टाकतो."

"विटं सहा मैल आहे," ते म्हणाले. "ऊन कललंय. आज टाका."

मी निघालो. कधी चाललो, कधी पळालो. विट्याच्या पोस्टात पोचलो तेव्हा पोस्टमास्तर थैलीचं तोंड बांधत होते. माझा अवतार बघून त्यांनी आधी पाण्याचा लोटा पुढं केला. मी कार्ड पुढं केलं. "उद्याच्या डाकेनं जाईल," ते म्हणाले. मी कार्ड तसंच पुढं धरून उभा राहिलो. त्यांनी एकवार कार्डाकडं पाहिलं, एकवार माझ्याकडं, आणि बांधलेली सुतळी सोडली.

पुढच्या महिन्यात सणासाठी दादू त्या बाजूच्या आपल्या बहिणीकडं जाऊन आला. ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"आला," तो म्हणाला. "शेवंताचा दाल्ला. दिवस मावळायच्या टायमाला यायचा तो दुपारीच दारात हुबा. घरात कुनीच न्हाई. ती रानात हुती, शेंगा उपटाय."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय, सायेब! पिशवी उंबऱ्यावर टाकली आन् पल्टनीच्या बुटासकट रानाकडं पळाला."